टॅग लावलेलं जिवाणू-प्रथिन पाहायचं असेल तर: आधी ब्लॉट, मग मायक्रोस्कोप

मायक्रोस्कोपच्या पडद्यावर पेशीच्या मधोमध हिरवी रेघ उमटली की प्रोजेक्टला नव्याने बसलेल्या विद्यार्थ्याला वाटतं, काम झालं. पण मायक्रोस्कोप फक्त प्रकाश कुठून आला एवढंच दाखवतो. तो प्रकाश तुमच्या अख्ख्या प्रथिनाला जोडलेल्या टॅगचा (ओळखीसाठी लावलेल्या तुकड्याचा) आहे, तुटून मोकळ्या फिरणाऱ्या टॅगचा आहे, की पेशीची स्वतःचीच मंद चमक आहे, हे त्याला कळत नाही. ते जेल आणि ब्लॉटवरून कळतं. म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे: टॅग निवडणं, कंट्रोल (तुलनेचे नमुने) ठरवणं, वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करून, मेम्ब्रेनवर उतरवून, अँटिबॉडीने शोधणं), आणि तो पटला तरच मायक्रोस्कोप. बऱ्याच लॅबमध्ये हे उलटं चालतं, कारण फोटो लवकर मिळतो. मग आठ महिन्यांनी गाईड विचारतात, "ब्लॉट कुठे आहे?"

उदाहरणासाठी एकच प्रथिन घेऊ: ई. कोलायमधलं एफटीएसझेड. पेशी दुभंगताना ते मध्यभागी कडं करतं. हे कडं १९९१ मध्ये प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप वापरून दिसलं, आणि १९९६ मध्ये जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडून जिवंत पेशीत. एफटीएसझेड साधारण ४० किलोडाल्टनचं (हे प्रथिनाच्या वजनाचं एकक) आणि जीएफपी २७ चं, म्हणजे जोडप्रथिन ६७ च्या आसपास. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ब्लॉट वाचताना सारखे लागतील.

पायरी १: टॅग कोणता, आणि कुठल्या टोकाला

टॅगचे ढोबळ दोन प्रकार. पहिला छोटा, प्रतिपिंडाने ओळखायचा: हिस-टॅग (सहा हिस्टिडिन), फ्लॅग (८ अमिनो आम्लं), एचए (९), मिक (१०). दुसरा मोठा, स्वतः चमकणारा: जीएफपी (२३८ अमिनो आम्लं) आणि त्याची भावंडं. नुसतं प्रथिन बनतंय का आणि किती, एवढंच पाहायचं असेल तर फ्लॅग किंवा एचए पुरतो, आणि प्रथिनाच्या कामात त्याची लुडबुड कमी. जिवंत पेशीत हालचाल पाहायची असेल तर चमकणारा टॅग हवा. हिस-टॅग शुद्धीकरणासाठी उत्तम, पण संपूर्ण पेशीच्या अर्कावर ब्लॉट करायला मी तो सुचवत नाही. जिवाणूत हिस्टिडिनने भरलेली स्वतःची प्रथिनं असतात. ई. कोलायचं एसएलवायडी हे त्यातलं नावाजलेलं, हिस-टॅग शुद्ध करायच्या निकेल कॉलमवर हमखास मागे लागून येतं.

चमकणारा टॅग निवडताना तीन गोष्टी तपासा. जीएफपीचा रंगकण तयार व्हायला ऑक्सिजन लागतो, त्यामुळे पूर्ण विनॉक्सी (ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या) जिवाणूत तो चमकत नाही. हवेत वाढणाऱ्या कल्चरमध्येही फ्लास्क गळ्यापर्यंत भरू नका. फ्लास्कच्या पाचव्या हिश्शाइतकंच माध्यम पुरे. दुसरं, प्रथिन पेरिप्लाझममध्ये (आतल्या आणि बाहेरच्या पटलामधल्या जागेत) जाणारं असेल आणि सेक मार्गाने, म्हणजे उलगडलेल्या अवस्थेतच, बाहेर टाकलं जात असेल, तर साधा जीएफपी तिथे नीट घडत नाही, अंधारच राहतो. तिथे सुपरफोल्डर जीएफपी किंवा एमचेरी वापरतात. तिसरं, मूळ जीएफपीचे रेणू एकमेकांना किंचित चिकटतात. एफटीएसझेडसारखी साखळ्या करणारी प्रथिनं टॅगमुळे आणखी गोळा होऊ शकतात. म्हणून ए२०६के (२०६ व्या जागी ॲलनिनऐवजी लायसिन) हा बदल केलेला एकेरी जीएफपी घ्या. प्लास्मिडच्या (जनुक वाहून नेणाऱ्या छोट्या डीएनए-कड्याच्या) नकाशात हा बदल आहे की नाही ते पाहा. नावात 'एम' (मोनोमर, म्हणजे एकेरी) असणं पुरेसं नाही, डीएनएचा क्रम उघडून खात्री करा.

टॅग एन-टोकाला (प्रथिन-साखळीच्या सुरुवातीला) लावायचा की सी-टोकाला (शेवटाला), याचं सर्वांना लागू पडणारं उत्तर नाही. प्रथिनाचं कुठलं टोक कामाचं आहे त्यावर ते अवलंबून. एफटीएसझेडच्या सी-टोकाचा शेवटचा छोटा तुकडा एफटीएसए आणि झिपए यांना धरतो, आणि हीच प्रथिनं त्याला पेशीच्या पटलाशी बांधून ठेवतात. तिथे जीएफपी लावला तर कडं दिसतं, पण ते प्रथिन एकटं पेशीचं काम पूर्ण सांभाळू शकत नाही. सोबत मूळ एफटीएसझेड लागतं. म्हणून पुढे प्रथिनाच्या मधल्या भागात टॅग बसवलेल्या आवृत्त्या केल्या गेल्या.

इथे एमआरइबीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दंडाकार जिवाणूंचा आकार टिकवणारं हे प्रथिन. २००१ मध्ये बॅसिलस सबटिलिसमध्ये ते पेशीभर मळसूत्रासारखं गुंडाळलेलं दिसल्याचं प्रसिद्ध झालं, आणि पुढची कित्येक वर्षं ई. कोलायचीही तशीच चित्रं पुस्तकांत आली. २०११ मध्ये तीन गटांनी बारकाईने पाहिलं, तेव्हा अखंड मळसूत्राऐवजी पेशीच्या परिघावरून सरकणारे सुटे ठिपके दिसले. २०१२ मध्ये ई. कोलायच्या एका वापरातल्या स्ट्रेनबद्दल (जिवाणूच्या वाणाबद्दल) दाखवून दिलं गेलं की तिथलं मळसूत्र एन-टोकाला लावलेल्या पिवळ्या चमकत्या टॅगमुळे तयार होत होतं. चित्र स्वच्छ होतं, पुन्हा पुन्हा तसंच येत होतं, तरीही चुकीचं होतं. त्याच वर्षी क्लिपपी या प्रोटिएजचे (प्रथिनं कापणाऱ्या विकराचे) जिवाणूतले ठळक ठिपकेही टॅगच्या चिकटपणाचे निघाले. टॅग बदलला की ठिपके गायब.

शक्य असेल तर जोडजनुक गुणसूत्रावर, मूळ जागी बसवा. प्लास्मिडवरून काम करायचं असेल तर कमी प्रतींचं प्लास्मिड आणि हळू प्रवर्तक (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) घ्या. १ मिलिमोलर आयपीटीजी (प्रवर्तक चालू करणारं रसायन) हे प्रथिन शुद्ध करायचं प्रमाण आहे, प्रतिमा काढायचं नव्हे. १० ते ५० मायक्रोमोलरपासून सुरू करा. एफटीएसझेड थोडं जास्त झालं तर पेशीच्या टोकांनाही दुभंग होऊन डीएनए नसलेल्या मिनिसेल सुटतात. फार जास्त झालं तर दुभंगच थांबतो आणि पेशी शेवयांसारख्या लांबत जातात. अशा पेशीत दिसलेलं काहीही नेहमीचं समजू नका.

आणि हो, रिकॉम्बिनंट स्ट्रेन बनवायच्या आधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी. भारतात हे १९८९ च्या नियमांपासून बंधनकारक आहे, आणि नंतर कागद जमवणं आधी जमवण्यापेक्षा नेहमी जास्त त्रासाचं.

पायरी २: कंट्रोल आधी, नमुना नंतर

किमान चार नळ्या: टॅग नसलेली मूळ स्ट्रेन; नुसता मोकळा जीएफपी बनवणारी स्ट्रेन; तुमची स्ट्रेन आयपीटीजीशिवाय; तुमची स्ट्रेन आयपीटीजीसह. हीच चौकडी ब्लॉटलाही चालेल आणि मायक्रोस्कोपलाही. मूळ स्ट्रेनवर जे दिसतं ती पार्श्वभूमी. मोकळ्या जीएफपीवर जे दिसतं तसंच तुमचं प्रथिन दिसलं, तर ते कुठेच विशेष जात नाही किंवा तुटलं आहे.

शिवाय वाढीचा आलेख काढा. मूळ स्ट्रेन आणि टॅगवाली स्ट्रेन यांचा दुपटीचा वेळ आणि पेशींची लांबी जवळपास सारखी हवी. नसेल तर टॅग प्रथिनाला बाधतोय. हा अर्ध्या दिवसाचा प्रयोग लोक टाळतात आणि मग परीक्षक नेमकं तेच विचारतात.

पायरी ३: नमुना

रात्रभराच्या कल्चरमधून १:१०० ने नवीन माध्यमात टाका आणि ६०० नॅनोमीटरला ओडी (कल्चरच्या गढूळपणाचं माप) ०.४ ते ०.६ येईपर्यंत वाढवा. ३७ ऐवजी ३० अंशांवर वाढवलं तर जोडप्रथिनं सहसा जास्त चांगली घडतात. आता प्रत्येक नळीत पेशी सारख्या यायला हव्यात: १ ला ओडीने भागा, येईल तितके मिलिलिटर घ्या. ओडी ०.५ असेल तर २ मिलिलिटर. सेंट्रीफ्यूज करा, माध्यम पूर्ण काढून टाका, आणि पेलेट १०० मायक्रोलिटर सॅम्पल बफरमध्ये मिसळा. ई. कोलायच्या १ ओडीच्या १ मिलिलिटरमध्ये ढोबळमानाने ८० कोटी पेशी असतात, म्हणजे १० मायक्रोलिटर लोड केलेत तर ८ कोटी. बहुतेक प्रथिनांना हे पुरतं.

९५ अंशांवर ५ ते १० मिनिटं उकळा. नळीत शेंबडासारखं काही लोंबलं तर तो गुणसूत्राचा डीएनए. बारीक सुईतून दोनचारदा ओढा किंवा थोडं सोनिकेट करा. नाहीतर पिपेट भलतंच माप घेईल आणि जेलवर पट्ट्या वाकड्या धावतील. पटलातली, अनेकदा पटल ओलांडणारी प्रथिनं ९५ ला उकळली की गोळा होऊन विहिरीतच अडकतात. त्यांना ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून पाहा.

एक छोटी सोय सांगून ठेवतो. जीएफपी फार चिवट आहे: नमुना न उकळता जेलवर चालवला तर तो घडलेलाच राहतो आणि जेलमध्येच चमकतो. फ्लुओरेसन्स स्कॅनर असेल तर अँटिबॉडीशिवायच काही तासांत कळतं की चमक मोठ्या पट्टीत आहे की छोट्या. मात्र न उकळलेलं प्रथिन लॅडरप्रमाणे (ठाऊक वजनांच्या प्रथिनांच्या पट्ट्यांप्रमाणे) नीट धावत नाही, तेव्हा वजनाचा निष्कर्ष उकळलेल्या नमुन्यावरूनच काढा.

पायरी ४: जेल आणि ब्लॉट

६७ आणि २७ दोन्ही एकाच जेलवर पाहायचे आहेत, म्हणून १२ टक्क्यांचं जेल. न जमलेलं ॲक्रिलअमाइड चेतासंस्थेला घातक आहे, ग्लोव्हज काढून हाताळू नका. वरच्या थरात ८० व्होल्ट, मग १२०. निळी रेघ तळाशी आली की थांबवा. २७ ची पट्टी जेलबाहेर घालवू नका, ती आपल्याला हवी आहे.

पीव्हीडीएफ मेम्ब्रेन (जेलमधली प्रथिनं उतरवून घ्यायचा पातळ पडदा) आधी मिथेनॉलमध्ये भिजवा, नाहीतर ते पाणी धरतच नाही. जेल ऋण बाजूला, मेम्ब्रेन धन बाजूला, आणि मध्ये एकही बुडबुडा नको. ओलं ट्रान्सफर १०० व्होल्टला एक तास, टाकी बर्फात. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीचा सांगाडा आजही हाच आहे. बदलली ती यंत्रं.

ट्रान्सफर झाल्यावर लगेच पॉन्सो एस (प्रथिनं रंगवणारा लाल रंग) टाका. दोन मिनिटांत लाल पट्ट्या दिसतात, आणि ट्रान्सफर झालं का, लोडिंग सारखं आहे का, हे दोन्ही कळतं. याचा फोटो काढून ठेवा. नंतर कुणी लोडिंग कंट्रोलबद्दल शंका घेतली तर हाच उपयोगी पडतो. सोबत आरएनए पॉलिमरेजच्या एखाद्या उपघटकाविरुद्धची अँटिबॉडी लोडिंग कंट्रोल म्हणून वापरली तर उत्तमच.

मग मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा झाकायला पाच टक्के स्किम मिल्क पावडर टीबीएसटीमध्ये (धुण्याच्या बफरमध्ये), मेम्ब्रेन त्यात एक तास हलवत ठेवा. बाजारातली चहाची दूध पावडर चालत नाही, त्यात स्निग्धांश आणि साखर असते. बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिन वापरणार असाल तर दूधही नको. दुधात बायोटिन असतं, तिथे बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या. पहिली अँटिबॉडी बाटलीवरच्या प्रमाणात, रात्रभर ४ अंशांवर. तीन धुण्या, प्रत्येकी दहा मिनिटांच्या. एचआरपी (प्रकाश उमटवणारं विकर) लावलेली दुसरी अँटिबॉडी, साधारण १:५,००० ते १:१०,०००, एक तास. पुन्हा तीन धुण्या. मग ईसीएल (एचआरपीमुळे चमकणारं द्रावण) आणि कॅमेरा.

सोडियम अझाइड एचआरपीला मारतं. पहिली अँटिबॉडी पुन्हा वापरता यावी म्हणून कुणी त्यात अझाइड घातलेलं असतं. ती नीट न धुता पुढे गेलात तर ब्लॉट कोरा येईल आणि दोष भलत्याच पायरीला लागेल.

पायरी ५: ब्लॉट वाचणं

आता वहीचं पहिलं पान उघडा. जीएफपीविरुद्धच्या अँटिबॉडीने एकच पट्टी ६७ ला आली आणि मूळ स्ट्रेनमध्ये काहीच नाही, तर पुढे जा. ६७ सोबत २७ लाही पट्टी आली, तर जोडप्रथिन तुटतंय. २७ ची पट्टी फिकी असेल तर मायक्रोस्कोपवर पेशीभर धुकं दिसेल आणि त्याचं कारण आता माहीत आहे. २७ ची पट्टी ठळक असेल तर फोटो काढण्यात अर्थ नाही. जोडणारा दुवा बदला, प्रोटिएज नसलेली स्ट्रेन वापरून पाहा, किंवा दुसरं टोक निवडा.

एफटीएसझेडविरुद्धची अँटिबॉडी मिळाली तर दुसरा ब्लॉट करा. त्यात ४० ला मूळ प्रथिन आणि ६७ ला जोडप्रथिन, दोन्ही एकाच लेनमध्ये दिसतात. कुठलं किती हे नजरेनेच कळतं. जोडप्रथिन मूळच्या कितीतरी पट असेल तर आयपीटीजी कमी करा.

पट्टी अपेक्षेपेक्षा थोडी वर किंवा खाली आली म्हणून घाबरू नका. आम्लधर्मी प्रथिनं एसडीएस जेलवर आपल्या खऱ्या वजनापेक्षा वर दिसतात. पण दहा-वीस किलोडाल्टनचा फरक असेल तर आधी क्रम तपासा. पट्टी मधोमध जळून पांढरी पडली असेल तर अँटिबॉडी किंवा नमुना फार जास्त झाला. अशा पट्टीवरून प्रमाण मोजता येत नाही. एक्सपोजर कमी करून भागत नाही, नमुना पातळ करून पुन्हा चालवा.

पायरी ६: ॲगरोज पॅड

पाण्यात तरंगणाऱ्या पेशींचा फोटो काढू नका, त्या हलतात आणि वेगवेगळ्या खोलीवर असतात. १ ते १.५ टक्के ॲगरोज एम९ या साध्या क्षारांच्या माध्यमात विरघळवा. नुसत्या पाण्यात केलं तर पेशींना ऑस्मोटिक धक्का बसतो. एलबी हे नेहमीचं पोषक माध्यमही टाळा: त्यातले यीस्ट अर्काचे घटक हिरव्या-निळ्या पट्ट्यात स्वतःच चमकतात. पेशी एलबीमध्ये वाढवल्या असतील तर पॅडवर ठेवण्याआधी एम९ ने एकदा धुवा.

दोन स्लाइडच्या मध्ये पातळ थर गोठवा, वरची स्लाइड सरकवून काढा. त्यावर एक-दोन मायक्रोलिटर पेशी ठेवा, थेंब मुरू द्या, आणि मगच कव्हरस्लिप. घाई केली तर पेशी काठाकडे वाहत जातात. कव्हरस्लिप १.५ नंबरची, म्हणजे ०.१७ मिलिमीटर जाडीची. मोठे ऑब्जेक्टिव्ह याच जाडीसाठी बनवलेले असतात, आणि लॅबच्या कपाटात बहुधा १ नंबरची पेटी सापडते. एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या खोलीत पॅड पाहता पाहता सुकतो. कडा व्हॅसलीन, लॅनोलिन आणि पॅराफिन समभाग वितळवून बंद करा.

पायरी ७: फोटो

१०० पट तेलाचं ऑब्जेक्टिव्ह, १.४ न्युमेरिकल अपर्चर. जीएफपीच्या प्रकाशात याची विभेदनक्षमता साधारण २२० नॅनोमीटर. ई. कोलायची रुंदी एक मायक्रोमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे पेशीच्या रुंदीत फार तर चार-पाच वेगळे बिंदू ओळखू येतात. "ठिपका" दिसला तरी तो एक रेणू आहे की पन्नासांचा गोळा, हे साध्या मायक्रोस्कोपने ठरत नाही.

सुरुवात टॅग नसलेल्या मूळ स्ट्रेनपासून. पेशीतल्या फ्लेव्हिनमुळे तीही हिरवी थोडी चमकते. ती चमक किती, हे कळल्याशिवाय नमुन्याला हात लावू नका. मग मोकळा जीएफपी, मग तुमचे नमुने. लॅम्पची ताकद, एक्सपोजर, गेन यांपैकी काहीही मध्ये बदलू नका. प्रत्येक जागी आधी फेज कॉन्ट्रास्टचा (साध्या उजेडात पेशीची आकृती दाखवणाऱ्या पद्धतीचा) फोटो, फोकस तिथेच जुळवा, नंतर फ्लुओरेसन्स. निळ्या उजेडात फोकस शोधत बसलात तर फोटो काढेपर्यंत जीएफपी विझलेला असतो. एक्सपोजर असं ठेवा की सर्वांत तेजस्वी पिक्सेलही कॅमेऱ्याच्या कमाल आकड्याच्या बराच खाली राहील. १६ बिटला तो आकडा ६५,५३५.

काय दिसायला हवं? वाढणाऱ्या बऱ्याच पेशींत मध्यभागी आडवी पट्टी, कारण कडं आपण बाजूने पाहतोय. नुकत्याच जन्मलेल्या आखूड पेशींत पट्टी नसणं साहजिक आहे. फक्त एका किंवा दोन्ही टोकांना गोल, अतितेजस्वी ठिपके असतील तर संशय घ्या. चुकीचं घडलेलं प्रथिन गोळा होऊन टोकाला ढकललं जातं, कारण मधली जागा गुणसूत्राने व्यापलेली असते. "प्रथिन ध्रुवाला जातं" असे कितीतरी निष्कर्ष या गोळ्यांवर उभे राहिले आहेत. फेजमध्येही त्याच जागी उजळ डाग दिसला तर तो इन्क्लुजन बॉडी (चुकीच्या घडलेल्या प्रथिनाचा घट्ट गोळा) आहे असंच धरा. पूर्ण भरून चमकणारी एखादी पेशी, फेजमध्ये फिकी, ही मेलेली पेशी. ती मोजणीत घेऊ नका, पण तसं केल्याचं लिहा.

छोटा टॅग असेल तर जिवंत पेशीत हे जमत नाही. फॉर्मल्डिहाइडने पेशी स्थिर करून, लायसोझाइमने भिंत सच्छिद्र करून, चमकत्या अँटिबॉडीने रंगवावं लागतं. लायसोझाइमची वेळ हा यातला अवघड भाग: कमी झाली तर अँटिबॉडी आत जात नाही, जास्त झाली तर पेशी फुटते. दोन, चार, आठ मिनिटं अशा वेगवेगळ्या वेळा पहिल्याच दिवशी करून पाहा, आणि टॅग नसलेली स्ट्रेन सोबत रंगवाच.

पायरी ८: मोजणी आणि जतन

मूळ फाइल कॅमेऱ्याच्याच स्वरूपात किंवा टिफमध्ये ठेवा. जेपीईजी फक्त व्हॉट्सॲपवर गाईडना पाठवायला. फिजी या चित्र-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून आधी पेशी नसलेल्या जागेची चमक वजा करा, मग मूळ स्ट्रेनच्या पेशींची सरासरी. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट सगळ्या चित्रांना एकाच मापाचा लावा. 'ऑटो' बटण दाबलं तर प्रत्येक चित्राला वेगळं माप लागतं आणि रिकामा कंट्रोलही दिव्यासारखा दिसतो. पेशींच्या सीमा फेजवरून आखा, हिरव्या चित्रावरून नव्हे. मायक्रोबजे हे फिजीचं प्लगइन हे काम बरंचसं आपोआप करतं, पण त्याने आखलेल्या सीमा पहिल्या काही चित्रांवर डोळ्याने तपासून घ्या; दोन चिकटलेल्या पेशींना ते कधीकधी एकच मानतं.

तीन वेगवेगळ्या दिवशी वाढवलेली कल्चर, प्रत्येकातून किमान शंभरेक पेशी. एकाच स्लाइडवरच्या तीनशे पेशी म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत. आकृतीखालच्या ओळीत स्ट्रेन, माध्यम, तापमान, आयपीटीजीचं प्रमाण, एक्सपोजर, मोजपट्टी आणि पेशींची संख्या लिहा. ब्लॉटचं कापलेलं चित्र छापणार असाल तर न कापलेलं, लॅडरसकट, पुरवणीत द्या. बरीच नियतकालिकं आता ते मागतात, आणि २७ च्या जागी काय होतं हे वाचणाऱ्यालाही पाहायचं असतं.